बोल्ट लावताना अडकतोय का उघडताना, आधी ते सांगा

परवा सकाळी सातला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, तिकडं टेक्सासात संध्याकाळ होती, टेबलावर काडतूस घरी भरायची प्रेस, डाय, वजनकाटा सगळं मांडलेलं आणि पोरगं घामाघूम. "मामा, बोल्ट बसनाच झालाय, तळहातानं ठोकला तर बसायलाय, काय करू?" बोल्ट म्हणजे रायफलीत काडतूस पुढं ढकलून मागून कुलूप लावणारा हँडलचा दांडा. मी म्हणलं आधी ठोकायचं बंद कर, काडतूस बाहेर काढ, रायफल बाजूला ठेव आणि मग बोल. त्याच्याशी तासभर बोलणं झालं आणि नंतर वाटलं की हे नीट लिहूनच काढावं, कारण आपल्या भागातली बरीच पोरं आता तिकडं आहेत, कुणी शिकारीला जातंय कुणी रेंजवर, आणि काडतूस घरी भरायचा छंद तिकडं सर्रास आहे. मी फौजेत ईएमईमधे, म्हणजे दुरुस्तीच्या शाखेत, आर्मोरर म्हणजे हत्यारं नीट करणारा होतो, आता अहमदपूरला घरीच असतो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या रायफलींचे बोल्ट उघडण्यात गेलं, त्यामुळं या एका विषयावर बोलायला मला आवडतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडं म्हणजे भारतात हे काडतूस भरायचं काम घरी करायचं नाही. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ मधे हत्यार आणि काडतूस बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, टेस्ट करणं या सगळ्याला वेगळं लायसन लागतं असं स्पष्ट आहे, तुमच्याकडं रायफल बाळगायचं लायसन आहे म्हणून भरायचं किंवा दुरुस्तीचं लायसन आपोआप मिळत नाही. म्हणजे गावातल्या लेथवाल्याकडं नेऊन चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) घासून आणणं हा पण गुन्हाच. आपल्याकडच्या लोकांनी यातलं तपासायचं आणि साफसफाईचं तेवढं घ्या, डाय आणि प्रेसचं जे आहे ते तिकडच्या पोरांसाठी आहे.

आता शब्द. पितळेचा रिकामा भाग म्हणजे पुंगळी. पुंगळीला मान असते, जिथं गोळी बसते, मग उतरता खांदा, मग अंग, आणि खाली बूड, ज्यात प्रायमर म्हणजे टोपी बसते. डाय म्हणजे पुंगळी ज्यात दाबायची तो साचा, प्रेस म्हणजे दाबायचं यंत्र. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

बोल्ट अडकतोय म्हणलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो, लावताना का उघडताना? लोकं याचं उत्तर न देता सरळ सांगायला लागतात की अमुक कंपनीची पुंगळी, तमुक पावडर, ते नंतर. लावताना अडकत असेल तर काडतूस चेंबरपेक्षा कुठंतरी मोठं आहे, हा मापाचा प्रश्न. गोळी उडाल्यावर उघडताना अडकत असेल तर तो बहुतेक वेळा प्रेशरचा प्रश्न, आणि ३०८ सारख्या (हे रायफलीच्या काडतुसाच्या एका मापाचं नाव) काडतुसाचं कमाल प्रेशर चौरस इंचाला ६२,००० पौंड एवढं धरलेलं आहे, तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मापाच्या चुकीत तुमचा वेळ जातो, प्रेशरच्या चुकीत डोळा जाऊ शकतो. म्हणून दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

दुसरा प्रश्न, फॅक्टरीचं नवं काडतूस टाकल्यावर पण अडकतंय का? तेही अडकत असेल तर तुमचं भरणं सोडा, रायफल बघा. चेंबरमधे कार्बन साचलेला असतो, बोल्टचे लग म्हणजे कुलूप लावणारे दात जिथं फिरून बसतात त्या खाचेत धूळ आणि जुनं वंगण मिळून चिक्की झालेली असते, कधी एक्स्ट्रॅक्टरखाली, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याखाली, पितळेचा बारीक तुकडा बसलेला असतो. आपल्या काळ्या मातीची धूळ लई बारीक, मे महिन्यात वावटळ सुटली की ती बंद पेटीत पण शिरते आणि तेलाला धरून बसते. नुसतं नळीतून चिंधी ओढली म्हणजे रायफल साफ झाली असं नाही, चेंबरचा ब्रश वेगळा असतो, तो मागून घालून फिरवायचा, लगच्या खाचेत कापसाचा बोळा फिरवायचा, आणि शेवटी चेंबर कोरडा करायचा. कोरडा म्हणजे कोरडाच. लोकं प्रेमानं तेल लावून ठेवतात, ठेवताना लावा, पण उडवायच्या आधी पुसा. कारण गोळी उडाल्यावर पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागचा धक्का थोडा स्वतःवर घेते, तेल असलं की ती सुळकन मागं येते आणि सगळा भार बोल्टवर.

फॅक्टरीचं व्यवस्थित बसतंय आणि तुमचंच अडकतंय, मग पुढं चला.

लावताना अडकण्याचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे खांदा. उडालेली पुंगळी त्या चेंबरच्या मापाची होऊन बाहेर येते, दोनतीन वेळा उडाली की खांदा एवढा पुढं येतो की बोल्ट रेटून लावावा लागतो. साइझिंग डायमधे, म्हणजे पुंगळी परत मापात आणणाऱ्या डायमधे, घातली की अंग दबतं आणि खांदा थोडा मागं जातो. किती मागं? बोल्ट ॲक्शनला, म्हणजे हातानं बोल्ट चालवायच्या रायफलीला, इंचाचा हजारावा भाग एक किंवा दोन, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलीमीटर. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलीमीटर जाड असतो, त्याच्या निम्म्याचा हा खेळ आहे. बोल्ट आपोआप चालणाऱ्या सेमी ऑटोला तीनचार हजारावे लागतात कारण तिथं हात लावून जाणवत नाही आणि अर्धवट बंद झालेला बोल्ट परवडत नाही.

इथं एक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. डाय थोडी वर ठेवून पुंगळी अर्धवटच दाबली तर खांदा मागं जायच्या ऐवजी पुढं जातो! अंग चहूबाजूंनी दाबलं की पितळेला जायला जागा वरच असते, आणि डायचा खांदा अजून पुंगळीच्या खांद्याला टेकलेलाच नसतो. माणूस म्हणतो मी तर साइझ केली मग आणखी घट्ट कशी झाली, तर अशी झाली. डाय अजून खाली घ्या, पण अंदाजानं अर्धा अर्धा आटा नको, थोडी थोडी खाली घेत प्रत्येक वेळी मोजा. आणि प्रेस दाबलेली असताना, आत पुंगळी असताना, डाय आणि शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) यांच्या मधून उजेड दिसतोय का बघा. रिकाम्या प्रेसला टेकलेली डाय पुंगळी घातल्यावर टेकतेच असं नाही, लोखंड पण जरा ताणतं.

मोजायला साधा व्हर्नियर कॅलिपर आणि त्याला लावायचा, खांद्याला टेकून माप देणारा कंपॅरेटर बस झाला. मोजायच्या आधी उडालेला प्रायमर काढून टाका, तो बुडातून किंचित वर आलेला असला की तुमचं माप चुकतं आणि तुम्ही भलतीकडंच डाय फिरवत बसता. आधी तुमच्याच रायफलीतून उडालेली पुंगळी मोजा, तो तुमचा शून्य, त्याच्यापासून मागं मोजायचं. पुस्तकातलं माप सगळ्या रायफलींसाठी असतं, तुमचा चेंबर तुमचाच.

हाताला खरं कळायचं असेल तर बोल्टमधून फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढा, दाबाचा इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारी स्प्रिंगची खीळ) असेल तर तोही काढा. मग साइझ केलेली रिकामी पुंगळी चेंबरमधे घालून बोल्ट पुढं ढकला. हँडल आपल्या वजनानं खाली पडलं की माप जमलं. मधेच थांबून शेवटच्या टप्प्याला किंचित रेटावं लागलं तर खांदा अजून एक हजारावा मागं पाहिजे. स्प्रिंगा असताना हा फरक हाताला कळतच नाही. हे जमवायला एक संध्याकाळ जाईल पण एकदा डायला रिंग लावून आवळली की वर्षभर बघायला नको.

तरी दहातल्या तीन पुंगळ्या घट्टच राहतात असं झालं तर पितळ कडक झालंय. तांबटाला विचारा, हंडा ठोकता ठोकता तो मधेच भट्टीत धरतो, कामून? ठोकून ठोकून धातू ताठ होतो, मग दाबला तरी परत उसळतो आणि शेवटी चिरतो. पुंगळीचं पण तेच, पाचसहा वेळा उडवून दाबून झाली की मान आणि खांदा ताठ होतो, डायमधून बाहेर आली की थोडा परत पुढं येतो. यावर उपाय म्हणजे मान आणि खांदा तापवून मऊ करणं, पण फक्त मान आणि खांदा. बुडाकडं उष्णता गेली आणि बूड मऊ झालं तर ती पुंगळी मोडीत घाला, तिला परत बंदुकीत घालायचं नाही, यात वाद नाही. तापवायचं जमत नसेल तर प्रेस दाबून ठेवून पाच सेकंद थांबा आणि मग सोडा, त्यानं पण बराच फरक पडतो. आणि डायचा आतला, मान आतून मापात आणणारा गोळा मानेतून वर ओढताना कुचकुच आवाज येत असेल तर मानेच्या आत किंचित लुब्रिकंट लावा, नाहीतर तो गोळा मानेसकट खांदा पुढं ओढतो आणि तुमचं जमवलेलं माप गेलं.

खांदा बरोबर आहे तरी अडकतंय? काळा मार्कर घ्या. पूर्ण पुंगळी काळी करा, चेंबरमधे घाला, बोल्ट लावा, काढा आणि उजेडात बघा कुठं घासलंय. हा मार्कर मला सगळ्यात महागड्या गेजपेक्षा जास्त उपयोगी वाटतो. खांद्यावर गोल पट्टा घासला तर खांदा. बुडाच्या जरा वर घासलं तर अंग खालपर्यंत दबलेलं नाही, अशी पुंगळी बहुतेक दुसऱ्या कुणाच्या मोठ्या चेंबरमधून उडालेली असते, रेंजवर वेचून आणलेली. तिला स्मॉल बेस डाय, म्हणजे अंग खालपर्यंत जास्त दाबणारी डाय लागते. मानेच्या टोकाला चमकलं तर लांबी वाढलीय, आणि हे हलक्यात घेऊ नका. ३०८ ची पुंगळी जास्तीत जास्त ५१.१८ मिलीमीटर, कापून ५०.९३ ला आणतात. त्याहून लांब झाली की मानेचं टोक पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि गोळीला चिमटा बसतो, गोळी सुटायला जागाच राहत नाही आणि प्रेशर एकदम चढतं. म्हणजे लावताना अडकणं हा मापाचा प्रश्न म्हणलं खरं, पण हे एक माप सरळ प्रेशरमधे जातं. जबरदस्तीनं बोल्ट लावू नका म्हणतो ते यासाठीच.

रिकामी पुंगळी छान बसते आणि भरलेलं काडतूस अडकतं, असं असेल तर चूक गोळी बसवताना झालीय, मागचं सगळं सोडून द्या. दोनच गोष्टी बघा. एक, गोळीला मार्कर लावून बघा, चेंबरमधून काढल्यावर तिच्यावर समान अंतरावर चौकोनी ओरखडे दिसले तर गोळी नळीतल्या आट्यांना टेकतेय, तिला अजून खोल बसवा. नाही बसवली तर प्रेशर वाढतंच, वर न उडवता बोल्ट उघडला तर गोळी नळीत अडकून राहते आणि पावडर सगळी ॲक्शनमधे, म्हणजे बोल्ट फिरतो त्या भागात, सांडते. दुसरी गोष्ट, सीटिंग डाय म्हणजे गोळी बसवायची डाय जास्त खाली आहे का. या डायमधे मान आवळायचा एक कडा असतो, डाय खाली गेली की तो कडा मानेला खाली दाबतो, मान मऊ खांद्याला दाबते, आणि खांद्याच्या बरोबर खाली पुंगळी केसभर फुगते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, मार्करला लागते. हे तपासायला भरलेलं जिवंत काडतूस घरात चेंबरमधे घालायचं नाही, पावडर आणि प्रायमर नसलेलं डमी बनवा आणि त्यानंच तपासा.

प्रायमर बुडाच्या वर आलेला असला तरी बोल्ट घट्ट जातो, बोट फिरवलं की कळतं, तो बुडाच्या किंचित आतच पाहिजे.

आता उघडताना.

गोळी उडाली आणि हँडल वरच उचलेना, किंवा तळहातानं मारून उचलावं लागलं, तर त्या दिवसाचं काम बंद. आणखी एक उडवून बघतो असं म्हणू नका. लोकं प्रायमर चपटा झालाय का बघत बसतात, प्रायमर काही वेळा चांगला दिसतो आणि प्रेशर जास्त असतं, काही वेळा साध्या काडतुसात पण चपटा होतो. जड झालेला बोल्ट आणि बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चमकता ठसा, ही दोन्ही मिळाली की आणखी पुरावा कशाला पाहिजे? पावडरचं वजन पुन्हा तपासा, वजनकाटा तपासा, पंख्याच्या वाऱ्यात ठेवलेला काटा खोटं बोलतो. छापील मॅन्युअलमधलं सुरुवातीचं वजन धरा आणि तिथून परत वर या, दुसऱ्याच्या रायफलीत चाललेलं वजन आपल्या रायफलीत घालू नका.

आणि ऊन. डिसेंबरच्या गारठ्यात छान चाललेलं काडतूस मे मधे जड का जातं हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारलाय. पावडर तापली की जास्त जोरात जळते. आपल्याकडं परभणी नांदेडला पारा ४२, ४३ ला जातो, टेक्सासात पण उन्हाळा असाच, आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. काडतूस सावलीत ठेवा, आणि लागोपाठ उडवून नळी तापलेली असेल तर काडतूस चेंबरमधे घालून गप्पा मारत बसू नका, ते तिथं शिजत असतं.

कुठं जड लागतंय ते पण बघा. हँडल उचलायलाच जड, तर प्रेशर. हँडल आरामात उचललं पण मागं ओढताना पुंगळी सुटत नाही, तर चेंबर खरबडीत किंवा घाण, पुंगळीवर ओरखडे दिसतील. आणि हँडल अगदी वर पोचताना टक असा आवाज येऊन सुटतंय, तर पुंगळीचं बूड फुगलंय आणि तुमची डाय तिथपर्यंत दाबत नाही, हे बरेच वेळा उडालेल्या किंवा सतत जास्त प्रेशरवर चालवलेल्या पुंगळीत होतं. अशा पुंगळ्या बाजूला काढा.

घोडा दाबला आणि उडालीच नाही तर नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून निदान मिनिटभर थांबा, उशिरानं उडू शकते. आत जिवंत काडतूस अडकलेलं असताना हातोडी लावायची नाही आणि नळीच्या तोंडातून गज घालायचा नाही. ते काम गनस्मिथचं, आपल्याकडं लायसन असलेल्या दुरुस्तीवाल्याचं.

आपल्याकडं ३१५ बोरची रायफल आणि फॅक्टरीची काडतुसं असलेल्या लोकांसाठी थोडं. यात बँकेत सिक्युरिटीला लागलेले आपले माजी सैनिक बरेच आहेत. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, ते त्या कडेवर टेकून बसतं, त्यामुळं वरचं खांद्याचं सगळं गणित इथं तेवढं लागत नाही. इथं अडकण्याचं कारण बहुतेक वेळा चामड्याचा पट्टा असतो. वर्षानुवर्षं काडतूस पट्ट्याच्या घरात राहतं, चामड्यातलं आम्ल पितळेला लागतं आणि ते कळकतं, हिरवा थर चढतो, तो थर चेंबरमधे अडतो. पट्टा ड्युटीपुरता, घरी काडतुसं पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडी ठेवा. हलका हिरवा असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा, खड्डे पडले असतील तर वापरू नका, लायसन असलेल्या डीलरला किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा.

भांडी घासायचं पॉलिश लावू नका, त्यात बऱ्याचदा अमोनिया असतो आणि अमोनिया पितळेला चिरवतो. हे चिरणं नजरेत आलं ते आपल्याच देशात. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली असायची आणि काही न करता पुंगळ्या चिरायच्या, ऋतू बदलला की चिरतात म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. पुढं १९२१ साली समजलं की घोड्याच्या मुताच्या अमोनियाची वाफ आणि पितळेतला ताण मिळून हे होतं. वस्तीवर गोठ्याच्या खोलीत काडतुसाची पेटी ठेवणारे अजून आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय, ती पेटी आजच घरात आणा, कुलुपात.

भाच्याचं काय झालं ते राहिलंच. त्याची साइझ केलेली पुंगळी बरोबर बसायली होती, भरलेलं काडतूस अडकायलं होतं, डमीला मार्कर लावला तर खांद्याच्या खाली गोल घासलेलं. सीटिंग डाय वर घेतली, आतला दांडा खाली घेऊन गोळीची खोली परत जमवली, नवा डमी केला आणि हँडल आपोआप खाली पडलं. मग म्हणला, "मामा, भरून ठेवलेली ४६ आहेत, ती परत साइझिंग डायमधून काढू का?" नाही. जिवंत प्रायमर आणि पावडर असलेलं काडतूस त्या डायमधे दाबायचं नाही. एकेक गोळी पुलरनं म्हणजे गोळी उपसायच्या अवजारानं काढ, पावडर वेगळी कर, पुंगळ्या बाजूला ठेव. दोन संध्याकाळी गेल्या त्याच्या, काल रात्री फोटो पाठवला, ४६ गोळ्या एका ताटलीत आणि पुंगळ्या दुसऱ्या.